मुसीकाठचे रुग्णालय

एखाद्या राज्याने आपल्या प्रजेसाठी काय केले हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या राजवाड्यांपाशी फार वेळ न थांबता त्याच्या इस्पितळांकडे वळावे. हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर, अफझलगंज भागात उभे असलेले उस्मानिया सार्वजनिक रुग्णालय ह्या दृष्टीने मोठे बोलके आहे. सुमारे दीडशे वर्षांच्या काळात सरकारला ह्या रुग्णालयाची उभारणी तीन वेळा हाती घ्यावी लागली. पहिल्यांदा ती गरजेपोटी झाली, दुसऱ्यांदा नदीच्या कोपामुळे झाली, आणि तिसऱ्यांदा जी होत आहे तिचे कारण सांगताना, ज्याचा सरकारी कारभाराशी रोजचा संबंध आहे अशा माणसाला थोडे अवघडल्यासारखे होते. ह्या तीन उभारण्यांचा इतिहास आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

हैदराबाद संस्थानात पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १८४६ साली सुरू झाले. त्या वर्षी स्थापन झालेल्या वैद्यक शाळेत हे शिक्षण प्रारंभी उर्दूतून दिले जात असे. पुढे पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांच्या कारकिर्दीत, १८६६ च्या सुमारास, नदीकाठी अफझलगंजचे रुग्णालय उभे राहिले. ते दिसावयास फार भव्य नव्हते. परंतु त्याचे नाव वैद्यकाच्या जागतिक इतिहासात नोंदले गेले आहे. वैद्यक शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने येथे १८८८ आणि १८८९ साली दोन 'क्लोरोफॉर्म आयोग' नेमण्यात आले. क्लोरोफॉर्म दिल्यानंतर रोगी दगावतो तो श्वास आधी थांबल्यामुळे की हृदय आधी थांबल्यामुळे, हा त्या वेळचा मोठा वादाचा प्रश्न होता. त्याचा उलगडा करण्यासाठी निजाम सरकारने खर्च सोसला आणि लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना हैदराबादेस पाठविले. हृदयाला भय नाही, लक्ष ठेवावयाचे ते श्वासावर, हा आयोगाचा निष्कर्ष पुढील संशोधनात टिकला नाही. तथापि दख्खनमधील एका संस्थानी राजधानीतील प्रयोगांची दखल लंडन आणि एडिंबरो येथील विद्वानांना घ्यावी लागली, ही गोष्ट लहान नव्हे. जगातील पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांपैकी एक म्हणून जिचा उल्लेख होतो, ती रूपाबाई फर्दुनजी ही पारशी विदुषी ह्याच परंपरेत तयार झाली.

ह्या पहिल्या रुग्णालयाचा अंत २८ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. मुसीच्या खोऱ्यात तेव्हा लहानमोठे सुमारे आठशे तलाव होते. अतिवृष्टीने त्यांतील दोनशेंहून अधिक तलाव एकामागून एक फुटले, आणि एका तलावाचे पाणी खालच्या तलावावर कोसळत, त्याला फोडत, अखेर शहरात शिरले. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, पुलांची मोडतोड झाली, आणि मृतांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. उर्दूतील विख्यात रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी ह्याच पुरात गेली. अफझलगंजचे रुग्णालयही उद्ध्वस्त झाले. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचविले असे सांगतात. ते झाड त्या प्रलयाचे स्मारक म्हणून पुढे जपले गेले.

आपत्तीनंतर सरकारने काय केले, हा येथे महत्त्वाचा प्रश्न आहे. इस्पितळ पडले तेव्हा इस्पितळ बांधू, एवढ्यावर निजाम सरकार थांबले नाही. पूर का आला, ह्याचा शोध त्याने आधी घेतला. त्यासाठी ज्या अभियंत्याला १९०९ साली पाचारण करण्यात आले, तो मराठी श्रोत्यांना परका नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले होते, त्यांच्या सरकारी नोकरीची अनेक वर्षे मुंबई इलाख्यात गेली होती, आणि खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना ठाऊक होते. त्यांनी सारे खोरे अभ्यासले आणि शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, असे सुचविले. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसा ह्या उपनदीवर हिमायतसागर हे जलाशय १९२० च्या दशकात पुरे झाले. शहराला पुरापासून संरक्षण आणि पिण्यास पाणी, असा दुहेरी लाभ त्यांनी दिला. १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि नदीकाठाची नव्याने आखणी झाली.

ह्या आखणीचा एक भाग म्हणून सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात आजची इमारत उभी राहिली. तिचा वास्तुकार व्हिन्सेंट एश हा कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकाच्या कामावर देखरेख करून आलेला होता. काचीगुड्याचे रेल्वे स्थानक आणि मुसीच्या दक्षिण तीरावरील उच्च न्यायालय ही कामेही त्याचीच. त्यामुळे नदीच्या एका काठावर न्याय आणि दुसऱ्या काठावर आरोग्य, अशी दोन भव्य मंदिरे एकमेकांकडे पाहत उभी राहिली. घुमट, छत्र्या, कमानी आणि लांबच लांब ओवऱ्या यांनी नटलेल्या ह्या इमारतीत उंच छतांमुळे वारा खेळता राहत असे. विजेच्या पंख्यांचा सुळसुळाट होण्यापूर्वीच्या काळात रोग्याच्या दृष्टीने ह्या उंचीचे मोल शोभेपेक्षा अधिक होते.

मराठवाड्यातील श्रोत्यांना ह्या इमारतीविषयी वेगळी आपुलकी वाटावी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तालुक्याच्या दवाखान्यात इलाज चालेनासा झाला की वाट उरे ती राजधानीची. मीटरमापी रेल्वेने काचीगुड्यास उतरावे आणि सुलतान बाजार किंवा जांबाग भागातील मराठी वस्तीत कोणी ओळखीचे असल्यास त्याचा आधार शोधावा, असा तो प्रवास. राज्यपुनर्रचनेच्या वर्षीच, १९५६ साली, औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि हळूहळू ही वाट मोडली.

दुसऱ्या उभारणीची ही कथा जितकी उमेद देणारी, तितकीच तिच्या पुढची कथा मन खिन्न करणारी आहे. १९२१ च्या शिरगणतीत हैदराबाद शहराची वस्ती सुमारे चार लाख होती. २०११ मध्ये ती ६५ लाखांवर गेली. इस्पितळाच्या आवारात नवे विभाग, नव्या इमारती वाढल्या. परंतु जुन्या वास्तूवरील भार हलका झाला नाही. चुन्यात बांधलेल्या इमारतीला वर्षावर्षाची निगा लागते. छतावर पाणी साचू देऊ नये, पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात, भिंतीच्या भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच उपटावे, एवढी ती साधी कामे. ती वेळेवर न झाली तर पिंपळाची मुळे दगड फोडतात आणि गळतीने छताची ढलपी रोग्याच्या खाटेवर पडू लागते. हैदराबादेत नेमके हेच घडले.

ह्याचे कारण केवळ पैशाची टंचाई हे नव्हे. सरकारी हिशेबात नवे बांधकाम भांडवली खर्चात बसते आणि देखभाल महसुली खर्चात. तंगीच्या वर्षी कात्री लागते ती बहुधा दुसऱ्यालाच. नव्या इमारतीला कोनशिला असते, तिच्यावर नावे कोरली जातात. पन्हळ साफ केल्याची कोनशिला कोणी बसविल्याचे ऐकिवात नाही. जे काम न केल्याचे आज कोणाच्या लक्षात येत नाही, ते उद्यावर टाकले जाते. आणि अशा उद्यांची बेरीज एके दिवशी 'इमारत धोकादायक' ह्या दोन शब्दांत मांडली जाते.

२०१५ साली तेलंगण शासनाने ही वास्तू पाडून त्या जागी बहुमजली इमारत बांधण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा शहरातील इतिहासप्रेमी मंडळींनी त्याला कसून विरोध केला. योग्य दुरुस्ती केल्यास वास्तू टिकू शकेल, असे 'इंटॅक' ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांचे म्हणणे पडले. वाद न्यायालयात गेला. दरम्यान जुलै २०२० मध्ये, करोनाची साथ ऐन भरात असताना, पावसाचे घाण पाणी जुन्या इमारतीतील कक्षांत शिरले. रोगी हलवावे लागले आणि इमारत बंद झाली. एका पुरामुळे जन्मास आलेले रुग्णालय दुसऱ्या पाण्याने मिटावे, हा योगायोग खरा. परंतु १९०८ चे पाणी आठशे तलावांच्या खोऱ्यातून आले होते, २०२० चे पाणी तुंबलेल्या गटारांतून आले.

पुढे २०२३ मध्ये पाडण्याचा विचार पुन्हा पुढे आला. त्याच वर्षाअखेर सत्तांतर झाले, आणि नव्या शासनाने जुन्या वास्तूला हात न लावता जवळच गोशामहलच्या पोलीस मैदानावर नवे रुग्णालय बांधण्याचे ठरविले. ३१ जानेवारी २०२५ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. दोन हजार खाटांची ही योजना आहे. ही तिसरी उभारणी होय.

हा निर्णय योग्य की अयोग्य, ह्याविषयी दुमत आहे आणि ते राहील. वारशाचे कौतुक करणाऱ्याने हे विसरू नये, की जमिनीवर चटई टाकून निजलेल्या रोग्याला घुमटाचे सौंदर्य औषधासारखे लागू पडत नाही. त्याला खाट हवी, प्राणवायू हवा, संसर्गापासून दूर असलेली शस्त्रक्रियेची खोली हवी, आणि ती त्याच्या गावच्या बाजारदिवसापूर्वी मिळाली तर बरे. उलट बाजूने, जुने ते पाडून टाका म्हणणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे, की पडक्या अवस्थेचे खापर जुनेपणावर फोडता येत नाही. नदीपलीकडचे उच्च न्यायालय त्याच पिढीचे, त्याच वास्तुकाराच्या हातचे. त्याचा वापर एका शतकानंतरही चालू राहिला. रुग्णालय हलल्यावर जुन्या वास्तूचे काय करावे, ह्यालाही उत्तर आहे. पणजीचे वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस गेल्यावर मांडवीकाठची त्याची जुनी इमारत पाडली गेली नाही. ती सांस्कृतिक कार्यासाठी सुधारून घेण्यात आली. मुसीकाठीही वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय शोभून दिसेल, आणि तेथे क्लोरोफॉर्म आयोगाला व रूपाबाईंना मानाची जागा देता येईल.

परंतु खरी कसोटी गोशामहलला लागणार आहे. १९०८ नंतरच्या राज्यकर्त्यांनी इस्पितळाबरोबर पुराचाही विचार केला, म्हणून त्यांची उभारणी शतकभर टिकली. आजच्या राज्यकर्त्यांनी नव्या इमारतीबरोबर तिच्या निगेचा विचार केला, तरच तिसरी उभारणी शेवटची ठरेल. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीची ठरावीक रक्कम बाजूला पडावी, ती दुसऱ्या शीर्षाखाली वळविता येऊ नये, आणि पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ झाल्या की नाही हे विचारणारा एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावा. मागणी मोठी नाही. बोटभर पिंपळ उपटावयास एका माणसाचे दोन हात पुरतात. तो वाढून वृक्ष झाला म्हणजे मात्र अख्खे रुग्णालय हलवावे लागते.