बंद गाडी आणि तिची हवा

मोटारगाडीच्या आरंभकाळी तिच्यात बसणाऱ्या माणसाचा आणि रस्त्यावरील धुळीचा संबंध इतका थेट होता की, अमेरिकेत काय किंवा इंग्लंडात काय, सफरीस निघणारा गृहस्थ पायघोळ डगला अंगावर चढवून आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा बांधूनच गाडीत पाऊल ठेवी, व त्याच्याबरोबरच्या स्त्रिया टोपीवरून झिरझिरीत अवगुंठन घेऊन ते हनुवटीखाली घट्ट आवळीत. धुळीचा बंदोबस्त गाडीने करावयाचा नसून माणसाने स्वतः करावयाचा, असाच तो दस्तूर होता. पुढे गाडीलाच भिंती आल्या. अमेरिकेत 1919 साली विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी सुमारे नऊ उघड्या असत; 1929 पर्यंत हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले.

परंतु बंद गाडीने पाऊस आणि थंडी बाहेर ठेवली त्याच न्यायाने उच्छ्वास, तंबाखूचा धूर आणि इंजिनाकडून झिरपणारी वाफ आत कोंडून ठेवली. त्या काळातील बहुतेक हीटर आतलीच हवा पुनःपुन्हा तापवीत. काचांवर दव धरे, डोके जड होई, आणि उपाय म्हणून खिडकी उघडावी तर सारी ऊब निघून जाई.

या पेचातून वाट काढण्याचे श्रेय मी विस्कॉन्सिन प्रांतातील केनोशा येथील नॅश कंपनीस देतो. 1937 साली ही कंपनी केल्व्हिनेटर या शीतकपाटे बनविणाऱ्या कंपनीशी एकत्र झाली (आपल्याकडे पुढे कित्येक स्वयंपाकघरांतील फ्रिजवर झळकलेले नाव ते हेच), आणि 1938 च्या नॅश गाड्यांत बाहेरची ताजी हवा आत ओढून, गाळून, गरम पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन मग प्रवाशांकडे सोडण्याची व्यवस्था दाखल झाली. त्यातील मर्म गाळणीहूनही खोल होते. पंख्याच्या आणि गाडीच्या गतीच्या जोरावर आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राखला जाई. त्यामुळे दारांच्या फटींतून धूळ आत शिरण्याऐवजी आतली हवाच बाहेर पडे, आणि गाडीत येणाऱ्या हवेला एकच राजमार्ग उरे. मार्ग एकच असेल तरच त्यावर पहारा बसविण्यास अर्थ आहे, हे ज्याने प्रथम ओळखले त्याची बुद्धी मला असामान्य वाटते. म्हणूनच 1978 च्या साब 900 या गाडीला आतील हवा गाळण्याच्या बाबतीत पहिलेपणाचा मान देण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला मान्य करवत नाही. मात्र वसंतात युरोपातील असंख्य लोकांना हैराण करणारे परागकण रोखण्याची निकड त्या स्वीडिश गाडीने ओळखली, हे निःसंशय.

धूळ आणि परागकणांप्रमाणे दुर्गंधही गाळावा लागतो, आणि त्यावरील कोळशाचा उपाय तर मोटारीहूनही जुना. ग्लासगोचे रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी 1854 च्या सुमारास कोळशातून हवा गाळण्याची युक्ती काढली, आणि ती लंडनच्या मॅन्शन हाउसमधील न्यायकक्षात बसविण्यात आली. आजच्या महागड्या फिल्टरमधील काळा थर त्याच तत्त्वाचा वारस होय.

आपल्याकडे मात्र मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनी गाडीला अशा कशाची गरज भासली नाही, कारण तिच्या पुढच्या दारांतील तिकोनी काच वळवली की वारा आणि धूळ दोन्ही मुक्तपणे येत. एसी सार्वत्रिक झाला आणि काचा चढल्या. तरीही कित्येक वर्षे आपल्याकडील काही गाड्यांत फिल्टरची खोबण तयार असूनही फिल्टर नसे, आणि हौशी मालक बाजारातून तो आणून, खोबणीवरील प्लास्टिकचे झाकण सुरीने कापून स्वहस्ते बसवीत. घरच्या घरी फिल्टर बदलण्याच्या आपल्याकडील रिवाजामागे हे स्वावलंबनही असावे.

काम फारसे कठीण नाही. बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरविला की मागे अरुंद झाकण दिसते. त्यामागे घड्या घातलेला तो पुठ्ठ्यासारखा जिन्नस, वरच्या अंगास वाळलेली पाने, केस आणि राखाडी धुळीचा थर घेऊन बसलेला असतो. नवा घालताना त्यावरील बाण हवेच्या दिशेशी जुळवावा. जुना धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा लावण्याची जी काटकसर सर्रास चालते, तिला माझा सक्त विरोध आहे. कारण हा फिल्टर निव्वळ चाळणी नव्हे. त्याच्या तंतूंमधील अंतर सूक्ष्म कणांपेक्षा कितीतरी मोठे असते, आणि आजच्या बहुतेक फिल्टरांत ते कण तंतूंवरील विद्युत्भारामुळे खेचले जातात. साबणाच्या पाण्याने तो भार क्षीण होतो, आणि दिसावयास स्वच्छ झालेला फिल्टर नेमके फुप्फुसात खोल जाणारे कणच सोडू लागतो.