भीमथडीचं तट्टू

मंडळी, मराठ्यांच्या घोडदळाच्या लढाया आपण आवडीनं ऐकतो. पण घोडा कोणाचा होता, हे विचारत नाही. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. तो पडला, की नुकसान शिलेदाराचंच. म्हणजे रणात जिवाबरोबर संसारही पणाला लागायचा!

भीमेच्या खोऱ्यात पैदास झालेलं भीमथडी तट्टू अंगानं लहान, पण काटक. थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारं. १८१८ मध्ये पेशवाई गेली, घोडदळं मोडली, मागणी आटली. मग हे वाण टिकवलं कोणी? भटक्या धनगरांनी. त्यांचं बिऱ्हाड आजही याच तट्टांच्या पाठीवर चालतं. रस्त्यात असा तांडा दिसला, तर आपण गाडी जरा थांबवूया. शिलेदारांच्या घोड्यांचे वंशज चाललेत.