दोन तासांमधली भाषा

महाराष्ट्रातील अनेक मराठी शाळांत विज्ञानाचा तास संपून इतिहासाचा सुरू झाला, की शिक्षक आणि पुस्तक यांच्यासह भाषाही बदलते. गणित व विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून, अशा या व्यवस्थेला ‘सेमी-इंग्रजी’ म्हणतात. तिची चर्चा बहुधा गुण, प्रवेश व नोकरी यांच्या हिशेबाने होते. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तिच्याकडे मराठीच्या इतिहासातील एक घटना म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

मराठीतील आधुनिक ज्ञानलेखनाच्या आरंभी ही विभागणी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. दिग्दर्शनात भूगोल, इतिहास आणि भौतिक शास्त्रे शेजारीशेजारी नांदत होती. शून्यलब्धी गणितावर लिहिणारा आणि हिंदुस्थानच्या इतिहासावर लिहिणारा लेखक एकच होता. सृष्टी आणि समाज यांविषयीची जिज्ञासा एकाच भाषेत व्यक्त होऊ शकते, हे त्याने गृहीतच धरले होते.

जांभेकर १८४६ साली निवर्तले आणि त्याच सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. ज्ञान बहुजनांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच नेले पाहिजे, हा शंकरशेटांचा मुद्दा होता. वरच्या वर्गांत मात्र इंग्रजीचीच सरशी झाली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिक इंग्रजीतून, म्हणून हायस्कूलही इंग्रजीतून. तेव्हा इतिहास आणि विज्ञान दोन्ही परभाषेत गेले. निदान दोघांचे भाग्य सारखे होते.

ही कोंडी फुटावी म्हणून झालेल्या प्रयत्नांत महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाचे स्थान मोठे आहे. तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शाळांत मराठी स्थिरावली. १९६० साली भाषा संचालनालय आले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद. परिभाषा घडू लागली. तिच्या संस्कृतप्रचुर क्लिष्टतेची थट्टा पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती.

तरीही त्या परिभाषेने काय साधले, हे पाहायला हवे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिला पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. यातील ‘वंश’ विद्यार्थ्याला इतिहासाच्या तासाला राजवंशांत भेटलेला असतो, ‘क्रांती’ फ्रान्सच्या हकिकतीत. एका तासाचा शब्द दुसऱ्या तासाच्या शब्दावर उजेड पाडतो. कधी तो अडचणही उभी करतो. ‘उत्क्रांती’तील ‘उत्’ हा उपसर्ग वरच्या दिशेचे पाऊल सुचवतो; डार्विनच्या सिद्धान्तात मात्र अशी ठरलेली चढण नाही. हा शब्द योग्य की अयोग्य, हा वाद विज्ञानाच्या वर्गात होऊ शकतो आणि मराठीच्याही. पण शब्दच वर्गात आला नाही, तर वाद कोण घालणार?

त्याच वर्षीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा आरंभ इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होतो. विधानाला पुरावा काय, अनुमान कसे काढले, हे प्रश्न तेथे विचारले जातात. विज्ञानाचेही प्रश्न हेच आहेत. मात्र सेमी-इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ते दोन भाषांत भेटतात आणि त्यांचे नाते त्याला कोणी सांगितले नाही, तर सहसा उमगत नाही.

पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. अकरावीला विज्ञानशाखा इंग्रजीतून शिकावी लागते; त्यांची भीती खरी आहे. आमची खंत वेगळी आहे. या वाटणीत मराठीकडे राजे, तह आणि सणावळ्या राहिल्या. प्रयोग, सिद्धता आणि भविष्य इंग्रजीकडे गेले. भाषा भूतकाळापुरती उरली, की तिच्यात लिहिणाऱ्याची दृष्टीही मागे वळू लागते. मराठी निबंध आणि समीक्षा विज्ञानाच्या वाटेला क्वचितच का जातात, याचे उत्तर शोधताना शाळेच्या वेळापत्रकाकडेही एकदा पाहायला हवे.