सुई तोलणारा हात

आर्णीत लग्नाच्या मांडवात किंवा बाबा कंबलपोषांच्या उरुसात तबकडी वाजायची, त्या काळात सगळ्यांचे लक्ष भोंग्याकडे. गाणे मात्र उठत होते सुईच्या टोकावर. ती सुई तोलून धरणाऱ्या दांडीला टोनआर्म म्हणतात. तिचे कूळ सांगण्याजोगे आहे, कारण आज त्या कुळातले एक मोठे घराणे पुण्याच्या मालकीचे आहे.

चावीच्या फोनोत साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, शंभरेक ग्रॅमचा भार सुईवर पडे आणि तबकडी झिजत जाई. शिवाय मुळातच एक अडचण होती. तबकडीवर खाच कोरणारे यंत्र कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकते, पण आर्म एका बिंदूभोवती फिरतो, म्हणून सुई कमानीत जाते आणि खाचेशी तिरकी होते. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी 1924 मध्ये गणित मांडून उपाय दाखवला: डोके थोडे आत वळवायचे आणि सुई मधल्या खुंटीच्या किंचित पुढे पोहोचेल एवढी लांबी ठेवायची. आजचे बहुतेक आर्म याच हिशेबाने बनतात.

1948 मध्ये एलपी आली, दहा वर्षांत स्टिरिओ आला. खाच केसासारखी बारीक झाली. आता काही ग्रॅमांचाच भार चालणार होता. अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांचा कारखाना 1946 पासून छोट्या प्रतिकृती आणि त्यांचे सुटे भाग बनवी. नाव स्केल मॉडेल इक्विपमेंट. त्यांना स्वतःच्या घरी ऐकण्यासाठी चांगला आर्म हवा होता, म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवला. जाणकार मित्रांना तो इतका आवडला की 1959 मध्ये विक्री सुरू झाली. 1961 मध्ये कंपनी ससेक्समधल्या स्टेनिंगच्या नव्या कारखान्यात गेली आणि नाव उरले एसएमई. त्यांच्या 3009 आर्मचा तोल, सोनाराच्या काट्यासारखा, सुरीच्या धारेवर बसवलेला होता. घर्षण जवळपास नाहीच. डोके काढून दुसरे बसवण्याची त्यांची पद्धत पुढे जपानी कंपन्यांनीही घेतली. मला हे घराणे आवडते ते यासाठी, की त्याचे मूळ बाजाराच्या मागणीत नसून ऐकण्याच्या हौसेत आहे.

पण हा आर्म महाग होता. साध्या पगारदाराचा विचार रेगा या दुसऱ्या इंग्रज कंपनीने केला. 1973 मध्ये निघालेल्या रेगाने 1983 मध्ये आरबी300 आणला: अ‍ॅल्युमिनियमची एकसंध ओतीव दांडी, सांधा नाही, त्यामुळे कंप कमी आणि किंमत आटोक्यात. माझ्या मते टोनआर्मच्या इतिहासातले हे सगळ्यांत लोकोपयोगी काम.

रॉबर्टसन-एकमन 2006 मध्ये गेले. दहा वर्षांनी, 2016 मध्ये, एसएमई विकत घेतली पुण्याच्या केडन्स समूहाने. क्रिकेट प्रशासनामुळे ओळखले जाणारे अजय शिर्के त्याचे प्रमुख. केडन्स स्वतः पुण्यात स्पीकर आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवत आली होती, म्हणजे ही खरेदी जाणत्याची होती. 2018 मध्ये गॅरार्डही याच घरात आले. जुन्या रेडिओग्रामांत ज्यांचे चेंजर असत, तेच हे गॅरार्ड. त्यांच्या 301 टर्नटेबलला आर्म नसे. शौकीन त्यावर एसएमईचाच बसवत. 2019 च्या अखेरीस कंपनीने सुटे आर्म विकणे थांबवले. त्यानंतर नवा एसएमई हवा असेल तर तो टर्नटेबलसकटच घ्यावा लागू लागला. रेगाचे आर्म मात्र अजूनही सुटे मिळतात.