मधे कोण उभं राहणार?

चपला मागेच राहू द्या. पुढे चाललेल्या कुणाच्याच पायात त्या नाहीत, आणि सगळ्या गावानं वळून तुमच्या पायांकडे बघायला नको. मात्र मग ही जांभ्याची वाट सोसावी लागेल. गोव्यातला साष्टी प्रांत, १६१६ साल नुकतंच मागे पडलंय आणि मे महिन्याची दुपार आहे. दगड तव्यासारखा तापलाय, म्हणून बायका कडेच्या वाळक्या गवतावरून चालतात. तुम्हीही तसंच करा. अंगणात चटयांवर भिरंडाची सोलं वाळताहेत. त्या आंबट वासानं दाढा शिवशिवतात. त्यात पिकल्या फणसाचा घमघमाट मिसळलाय आणि खाजनाकडून येणारा खारट चिखलाचा वासही.

घंटा झाली. चर्चच्या आत चला.

आधी काहीच दिसणार नाही. मग शिंपल्यांच्या तावदानांतून गाळलेला ताकासारखा पांढुरका उजेड डोळ्यांत उतरेल. बाकं शोधू नका, जमिनीवर बसा. शेजारची म्हातारी कोपरानं ढोसते, "मातशें सर गे." सरका. तिच्या केसांतलं खोबरेल, कुणाच्या तरी अंबाड्यातली अबोली, वितळतं मेण, शंभर माणसांचा घाम असं सगळं एकदम नाकात शिरतं. एक पोर रडतंय, दुसरं त्याला बघून सूर लावतंय.

इथे सगळे आपखुशीनं आलेत का, असं कुणाला विचारू नका. मोठ्यानं उत्तर द्यायला कुणी धजणार नाही.

सकाळची मिस लॅटिनमधून झाली. बाकीचे गुडघे टेकतात तेव्हा आपणही टेकायचे, एवढंच म्हातारीला त्यातलं कळलं. मघाशी दोत्रीन, म्हणजे धर्मशिकवणीची उजळणी, झाली. देव आणि माणूस यांच्या मधे एकच मध्यस्थ, जेजू क्रिस्त, तो पुरा देव आणि पुरा माणूस. हे तिनं सगळ्यांबरोबर सुरात म्हटलं. पाठ आहे तिला. पण पाठ असणं वेगळं.

आता वाचणारा पुढे येतो आणि जाड ग्रंथ उघडतो. पानांवरची अक्षरं रोमी आहेत, कारण रायतूरच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नाहीत. पण तोंडून निघते ती ओवी! तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड चरण पायरी उतरल्यासारखा खाली येतो. शेजारच्या म्हातारीची पाठ ताठ होते. मान डोलू लागते. रडणारं पोरही गप्प. लहानपणी देवळाच्या मंडपात पुराण ऐकताना हीच मान अशीच डोलली असेल. हे 'क्रिस्तपुराण' लिहिणारे पाद्री थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्याला आले आणि उरलेलं आयुष्य इथल्याच माणसांत राहिले. देवळं गेली, पुराणं गेली, तरी ऐकण्याची भूक गेलेली नाही, हे त्यांनी ओळखलं. मला त्यांची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

कथा आदामापर्यंत आलीय. फळ खाल्लं गेलं, वाटा बंद झाल्या. देव एकीकडे, माणूस एकीकडे. माणसानं फेडायचं म्हटलं तर त्याची ऐपत नाही. आणि देवाचं तर काहीच देणं नाही. मग मधे कोण उभं राहणार?

जरा या बसलेल्या माणसांच्या डोक्यात शिरून ऐका. परवाच बांध फुटून खारं पाणी भातशेतात शिरलं, वरचा वाडा आणि खालचा वाडा एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. अशा वेळी निवाड्याला माणूस कुठला शोधतात? ज्याची आई वरच्या वाड्याची आणि बाप खालच्या वाड्याचा. त्याचं दोन्ही घरी पान मांडलेलं असतं. नुसता थोर, नुसता शहाणा माणूस पुरत नाही. तो दोघांचाही लागतो. 'पुरा देव, पुरा माणूस' हे शब्द आता म्हातारीच्या ओठांवरून आत उतरताना बघा. सायबिणीला, म्हणजे मरियेला, आणि संतांना शब्द टाकायला सांगता येतं आणि ती रोज सांगतेही. पण ज्याच्यात दोन्ही घरं एक होतात, असा एकटा तोच.

आणि तिला हे नवलाचं का वाटत नाही, तेही सांगतो. ती केळशीची. तिच्या लहानपणी, देवळं गेली तेव्हा, गावची देवी शांतादुर्गा जुवारी नदीपार कवळ्याला नेली. शिव आणि विष्णू भांडायला उठले तेव्हा दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली ती हीच देवी, असं तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि स्टीफन्सना तर ही तुलना मुळीच रुचली नसती. त्यांच्या श्रद्धेतला मध्यस्थ तंटा मिटवून परतत नाही, तो स्वतःचा जीव देतो. पण मधे कुणीतरी उभं राहावं लागतं, हे म्हातारीला कुणी शिकवावं लागलं नाही.

ओवी थांबते. ग्रंथ मिटतो. "उरलेलं पुढच्या आयतारा." सभेत हळहळ पसरते. लोक उठतात, गुडघे कडकडतात, दारातून उन्हाचा लोट आत येतो.

म्हातारी मात्र वाचणाऱ्याची वाट अडवून उभी आहे. "तो येता केन्ना?"

तो गोंधळतो. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आहेत, आणि तारणारा जन्मतो तो दुसऱ्या पुराणात. अजून नोहा यायचा आहे, अब्राहाम, मोयझेस, दावीद.

"खूप आयतार आहेत गे, माये."

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागते. एक हात संपतो, दुसरा संपतो. मग ती तुमचा हात ओढून घेते आणि तुमच्या पेरांवर मोजणी पुढे चालू ठेवते.