पार्किंगच्या पावतीमागे कोणता कायदा?

जालन्यात स्टेशनबाहेर किंवा एखाद्या खासगी प्लॉटवर गाडी लावली की हातात पावती येते. गाडीचा नंबर, रक्कम आणि खाली बारीक अक्षरांत दोन ओळी: ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’, ‘पावती हरवल्यास दंड’. छापील अक्षरांना कायद्याचा रुबाब असतो. हा रुबाब खरा किती, हे या नियमांची वंशावळ पाहिल्यावर कळते.

सर्वांत जुना पूर्वज कोंडवाडा. इंग्रजी अंमलातल्या १८७१ च्या कायद्याने मोकाट जनावर कोंडण्याचा अधिकार दिला, आणि त्याबरोबर बंधनेही घातली. दंड ठरलेला, चाऱ्या-पाण्याचा खर्च ठरलेला आणि त्या दरांचा फलक कोंडवाड्यावर सर्वांना दिसेल असा लावायचा. दुसऱ्याचे जनावर अडवून पैसे घ्यायचे तर त्यामागे कायदा हवा, हे तत्त्व तिथे स्पष्ट होते. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात असल्याने हा कायदा इथे आपोआप लागू नव्हता.

दुसरी शाखा सायकल स्टँडची. इथे जनावर कोंडलेले नाही. मालकाने स्वतःच आपली वस्तू भरवशाने सोपवली. अशा सोपवणुकीला १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘निक्षेप’ म्हणतात. कलम १५१ सांगते, की समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ती सांभाळणाऱ्याने घ्यावी. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १ एप्रिल १९५१ पासून हा कायदा जालन्यालाही लागू झाला.

तिसरी शाखा सार्वजनिक जागांची. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११७ वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला देते. रेल्वेच्या किंवा पालिकेच्या जागेवर ठेकेदार पैसे घेतो, तेव्हा त्याचा हक्क उसना असतो. ठेक्यात लिहिलेल्या दरापलीकडे एक रुपयाही त्याला मागता येत नाही. जालना नगरपरिषद १९६५ च्या कायद्याखाली चालत होती; २०२३ मध्ये महानगरपालिका झाल्यावर १९४९ चा महापालिका अधिनियम लागू झाला. शहरातल्या रस्त्यावरच्या सशुल्क पार्किंगचा आधार आता तिथे शोधावा लागतो.

सर्वांत तरुण शाखा मॉल आणि व्यापारी संकुलांची, आणि वाद सर्वाधिक तिथेच. बांधकाम परवानगी मिळवताना पार्किंगची जागा सोडणे सक्तीचे असते. मग त्याच जागेचे पैसे ग्राहकाकडून का घ्यायचे? गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉलना असे शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय दिला. केरळ उच्च न्यायालयाने मात्र परवाना असेल तर शुल्काला हरकत घेतली नाही. महाराष्ट्राशी निगडित धडा २०१० चा आहे: नहालचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळे विकता येत नाही, कारण ती जागा सामाईक आहे.

राहिल्या पावतीवरच्या त्या दोन ओळी. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ मध्ये किल्लीसह सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाडी ताब्यात घेतल्यावर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येत नाही. गाडी स्वतःच लावून किल्ली खिशात ठेवली असेल, तर मात्र ताबा दिला होता की केवळ जागा वापरली, हे त्या त्या व्यवहारावर ठरते. दंडाचे म्हणाल, तर करार कायद्याचे कलम ७४ रक्कम आधीच छापलेली असली तरी वाजवी भरपाईच मान्य करते. खऱ्या अर्थाने दंड करण्याचा अधिकार कायद्याने नेमलेल्या यंत्रणेलाच असतो, प्लॉटमालकाला नाही.

म्हणून खासगी पार्किंगचा नियम हा कायदा नव्हे, करार आहे. आणि करार दोन्ही बाजूंना बांधतो. पैसे देण्याआधी दरफलक पाहा, पावती मागून घ्या, तिच्यावर ठेकेदाराचे नाव आहे का ते तपासा आणि गाडी बाहेर काढेपर्यंत ती जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाण्याची वेळ आलीच, तर तोच तुमचा पहिला पुरावा असेल.