संधिप्रकाश, बंदुकीवरील दुर्बीण आणि हरणाची शिकार : जळकोट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शिकारीच्या इतिहासावरील लेखन बहुधा शिकारी आणि सावज या दोन टोकांभोवती फिरते. शिकार कोणत्या वेळी होत असे, त्या वेळी प्रकाश किती असे आणि त्या प्रकाशात कोणाला दिसत असे, हे प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहिले आहेत. प्रस्तुत लेखात बंदुकीवर बसविल्या जाणाऱ्या दुर्बिणीच्या निमित्ताने या प्रश्नांचा विचार केला आहे. अंधुक प्रकाशात हरणावर नेम धरण्यासाठी कोणती दुर्बीण निवडावी, हा वरवर पाहता केवळ तांत्रिक प्रश्न वाटतो. परंतु दख्खनच्या पठारावर त्याचे उत्तर भिंगाइतकेच अक्षांशावर, कायद्यावर आणि शिकाऱ्याच्या सामाजिक स्थानावर अवलंबून होते, असे दिसून येते.

जळकोट हा आज लातूर जिल्ह्यातील तालुका असून तो १९९९ मध्ये स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा भाग उदगीर तालुक्यात होता. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते, त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्यात समाविष्ट झाले. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हा प्रदेश माळरानाचा आहे. दाट जंगल येथे नाही; म्हणून येथील हरीण म्हणजे प्रामुख्याने काळवीट. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट व चिंकारा हे कुरंग वर्गातील, शिंगे न गाळणारे प्राणी होत. चितळ, सांबर, भेकर हे खरे मृग. मराठी बोलणाऱ्याने मात्र हा भेद कधी फारसा मानला नाही. सांबर आणि चितळ पाहावयाचे तर किनवट-माहूरच्या जंगलाकडे जावे लागते. त्यांपैकी किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते.

मृगयेची वेळ

जळकोटपासून दक्षिणेस फार दूर नसलेल्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेचे स्वतंत्र विवेचन आहे. राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेला स्थान होते आणि तिच्या रीती ठरलेल्या होत्या, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. पुढील काळात दख्खनमध्ये काळविटामागे शिकवलेला चित्ता सोडण्याची प्रथा राजेरजवाड्यांत रूढ झाली. कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. ही शिकार पूर्णपणे दिवसाउजेडीची होती. चित्ता नजरेवर शिकार करतो, आणि राजालाही ती धाव पाहावयाची असे.

पारध्यांची पद्धत याहून निराळी होती. फासेपारधी हरणाच्या वाटेवर फास मांडत. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने कळपाजवळ जात. या शिकारीला नेमबाजीची गरज नव्हती, म्हणून प्रकाशाचीही फारशी नव्हती. फास अंधारातही आपले काम करतो. गरज होती ती जनावराच्या सवयींच्या ज्ञानाची. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्यान्वये अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. पारध्यांच्या वाट्यालाही तो आला आणि १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या मनातून तो पुसला गेला नाही. ज्या काळात साहेब आणि नवाब यांची शिकार मर्दुमकी म्हणून छायाचित्रांत गोठविली जात होती, त्याच काळात हे घडत होते, याची नोंद येथे करणे अगत्याचे आहे.

हैदराबाद राज्यात सहावे निजाम मीर महबूब अली खान (राजवट १८६९ ते १९११) हे वाघाच्या शिकारीबद्दल प्रसिद्ध होते. हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) आदी ठिकाणी हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. त्या काळातील इंग्रजी बनावटीच्या शिकारी रायफलींवर दुर्बीण क्वचितच असे. मागील बाजूस खाच व पुढील टोकास माशी, एवढ्यावर नेम धरला जाई. अंधुक प्रकाशात बारीक माशी दिसेनाशी होते. म्हणून अनेक रायफलींना हस्तिदंताची किंवा पांढऱ्या मिन्याची, आकाराने मोठी, उघडझाप होणारी आणखी एक माशी जोडलेली असे. तिला चांदण्यातली माशी म्हणत. ज्यांच्याकडे अशी रायफल नव्हती ते नळीच्या टोकाला चुन्याचे बोट लावत किंवा पांढरी चिंधी बांधत. तत्त्व एकच होते, किंमत तेवढी वेगळी.

भिंगाचे गणित

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याचे प्रयत्न अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झाले. १८८० मध्ये ऑस्ट्रियातील ऑगस्ट फिडलर या वनाधिकाऱ्याने शिकारीस उपयोगी पडेल अशी दुर्बीण तयार केली, आणि पुढे जर्मनी व ऑस्ट्रिया हेच या उद्योगाचे माहेरघर बनले. हे साधन एका वनाधिकाऱ्याच्या हातून घडले, ही गोष्ट बोलकी आहे. मध्य युरोपात हरणाची शिकार उंच मचाणावर बसून, सांजवेळी जनावर रानातून कुरणात उतरण्याची वाट पाहत केली जाते. तेथे दुर्बिणीचे खरे काम लांबचे जवळ आणणे हे नसून मावळत्या उजेडात काही मिनिटे अधिक मिळवून देणे हे होते.

अशा दुर्बिणीची निवड ज्या हिशेबावर होते तो सोपा आहे. पदार्थभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास भागिले विशालन, हे उत्तर म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. म्हणून ८ पट विशालन व ५६ मिलिमीटर भिंग असलेली दुर्बीण संधिप्रकाशासाठी आदर्श मानली गेली, कारण ५६ भागिले ८ म्हणजे बरोबर ७. याउलट ९ पट विशालन व ४० मिलिमीटर भिंग असेल तर चकती ४.४ मिलिमीटरचीच पडते आणि दिवसा उत्तम दिसणारी ही दुर्बीण सांजवेळी काळवंडते. वय वाढले की बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही. पन्नाशीनंतर ती सुमारे ५ मिलिमीटरवर थांबते. म्हणजे मोठ्या भिंगाची महागडी दुर्बीण परवडण्याच्या वयात तिचा पुरता लाभ घेणारा डोळा माणसापाशी उरत नाही.

भिंगाच्या आकाराइतकाच प्रश्न त्याच्या पृष्ठभागाचा होता. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दहा पृष्ठभाग असलेल्या दुर्बिणीतून त्यामुळे जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनविरोधी लेपाचा शोध लावला. पुढे अनेक थरांच्या लेपामुळे ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होऊ लागला. सांजवेळी बारीक तारांची फुली काळविटाच्या काळ्या पाठीवर विरघळून जाते. म्हणून जर्मन दुर्बिणींत जाड खांबासारख्या रेषा वापरल्या गेल्या. दख्खनच्या दृष्टीने आणखी एक अडचण होती, ती पावसाळ्याची. नळीत ओल शिरून भिंग आतून धुरकट होणे हा जुन्या दुर्बिणींचा नेहमीचा रोग. नायट्रोजन भरून बंद केलेल्या नळ्या १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आल्या. त्यापूर्वीची दुर्बीण मृगाच्या पावसात भरवशाची नव्हती.

अक्षांशाचा प्रश्न

वरील सर्व विवेचन युरोपच्या आकाशाखालचे आहे. जळकोट सुमारे १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. सूर्यास्तानंतर वस्तू स्पष्ट ओळखता येण्याजोगा उजेड विषुवदिनाच्या सुमारास अंदाजे २२ मिनिटे टिकतो. मध्य जर्मनीत, ५१ अक्षांशावर, हाच अवधी सुमारे ३३ मिनिटांचा असतो आणि उन्हाळ्यात त्याहून बराच लांबतो. दिवेलागण झाली म्हणता म्हणता रात्र पडते, हा मराठवाड्यातील नित्याचा अनुभव याच भूगोलाचा परिणाम होय. ज्या मिनिटांसाठी ८ × ५६ ची दुर्बीण घडविली गेली, ती मिनिटे दख्खनला मुळातच थोडी मिळाली आहेत.

हा फरक निरनिराळ्या देशांच्या कायद्यांशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. जर्मन कायदा रानडुकराचा अपवाद वगळता मोठ्या खुरधारी प्राण्यांची शिकार रात्री वर्ज्य मानतो. परंतु त्याची रात्र सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होते. इंग्लंडमध्ये हरणांच्या बाबतीत ही मुदत एक तासाची आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ती अर्ध्या तासाची आढळते. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मूळ कलम १७ मध्ये रात्रीची व्याख्या सूर्यास्त ते सूर्योदय अशी केली. सवलतीचे एक मिनिटही ठेवले नाही. त्याच कलमाने शिकारीसाठी कृत्रिम प्रकाश वापरण्यास, वाहनातून शिकार करण्यास आणि पाणवठ्यावर किंवा क्षारचाटणावर दबा धरण्यास मनाई केली. अपवाद होता तो मांसभक्षक प्राण्याचा. त्याने मारलेल्या सावजावर बसण्यासाठी खास परवानगी मिळू शके. हरणाला मात्र संपूर्ण रात्र बहाल झाली. संधिप्रकाशासाठी दुर्बीण निवडण्याचा प्रश्न भारतीय कायद्यापुरता तेथेच संपला.

जीप आणि सर्चलाइट

कायद्याने इतकी कडक रेषा का आखली, याचे कारण दुर्बिणीत सापडत नाही. ते विजेच्या दिव्यात सापडते. रायफलीला विजेरी जोडून रात्री नेम धरणे १९२० च्या दशकात परिचित झाले होते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये अशाच उजेडात मारले. माणसे मारणाऱ्या जनावरासाठी जे क्षम्य होते ते हरणासाठी लांच्छनास्पद मानले जाई. हरणाला उजेडात, पायी चालत जाऊन गाठावे, असा जुन्या शिकाऱ्यांचा संकेत होता. तो किती पाळला गेला हा प्रश्न वेगळा.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या खाजगी हातांत आल्या आणि हा संकेत मोडून पडला. माळरानावर जीप कोठेही जाऊ शकते. सर्चलाइटच्या झोतात काळवीट दिपून जागच्या जागी उभे राहते, त्याचे डोळे चमकतात आणि पन्नास पावलांवरून चुकणे अवघड होते. तेथे भिंगाचा व्यास, लेप, फुलीच्या रेषा यांपैकी कशाचीही गरज उरत नाही. १९४७ मध्ये मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले, तेही रात्री आणि मोटारीतून. भारतातील शेवटच्या चित्त्यांपैकी ते होत, असे मानले जाते. ज्या चित्त्याने दख्खनमध्ये शतकानुशतके दिवसाउजेडी काळविटाचा पाठलाग केला, त्याचा शेवट मोटारीच्या दिव्यात झाला.

हैदराबाद राज्यात सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामाची सत्ता संपली आणि १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. जहागिरीतील राखीव शिकारीची राने त्यांबरोबर मालकाविना उरली. हैदराबाद शहराजवळील निजामाचे एक शिकारक्षेत्र १९७५ मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. नगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरवर काळवीट अभयारण्य स्थापन झाले. उदगीर-जळकोटच्या माळाला असे कुंपण लाभले नाही; येथील काळवीट शेतकऱ्याच्या बांधावरच राहिले.

ठासणीची बंदूक

या इतिहासातील तिसरा घटक शेतकरी होय. त्याच्या दृष्टीने सांजवेळ ही शिकारीची नव्हे तर राखणीची वेळ. सोयाबीन व हरभऱ्याचे कोवळे कोंब, पुढे तुरीची पालवी, यांवर कळप दिवस मावळताना उतरतात आणि पहाटेपर्यंत चरतात. माळ्यावर बसून डबे वाजविणे, गोफण फिरविणे, बुजगावणे उभारणे हे त्याचे पूर्वापार उपाय. बंदूक असलीच तर ठासणीची : गुळगुळीत नळी, गजाने ठासलेली दारू आणि छर्रे. अशा बंदुकीवर दुर्बीण बसविण्यात अर्थ नसतो, कारण तिचा मारा काही पावलांपलीकडे भरवशाचा नाही. तिचा आवाजच पिकाचे रक्षण करतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ही विभागणी शब्दबद्ध केली. कलम १३ नुसार पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. आटे असलेल्या नळीची रायफल त्या तरतुदीत येत नाही. दूरवर आणि अंधुक उजेडात अचूक मारणारे साधन हौसेने शिकार करणाऱ्याकडे, आणि ज्याचे पीक रात्री खाल्ले जाते त्याच्याकडे आवाज करणारी नळी, असा हा वाटप होता. यामागे सुव्यवस्थेची चिंता होती हे मान्य करूनही त्यातील विषमता नजरेआड करता येत नाही.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची कलमे, त्यांबरोबर कलम १७ देखील, वगळली गेली. शिकारच सर्वसाधारणपणे बंद झाल्याने सूर्यास्ताच्या रेषेला प्रयोजन उरले नाही. कलम ११ नुसार उभ्या पिकांना धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते. परंतु पहिल्या अनुसूचीतील प्राण्यास ती केवळ मानवी जीवितास धोका असेल किंवा प्राणी असाध्य रीतीने जखमी वा रोगग्रस्त असेल तरच मिळते, पिकासाठी नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी काळवीट पहिल्या अनुसूचीतच राहिले. त्यामुळे जळकोटच्या शेतकऱ्यास हरणाने खाल्लेल्या हरभऱ्यासाठी उरतो तो नुकसानभरपाईचा अर्ज आणि वनरक्षक, कृषी सहायक व तलाठी यांचा पंचनामा. तो दिवसाउजेडी होतो. तोवर कळप पुन्हा माळावर गेलेला असतो आणि बांधावर खुरांचे ठसे तेवढे असतात. शस्त्र अधिनियमातील पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक मात्र कलम १३ मध्ये आजही कायम आहे.